ऑड्यूबनचे चतुष्पाद: हाताने रंगवलेले जुने शिळाछाप चित्र कसे पारखावे

एकोणिसाव्या शतकात अमेरिकन सस्तन प्राण्यांची जी हाताने रंगवलेली छापचित्रे निघाली, त्यांत चित्रकार जॉन जेम्स ऑड्यूबन, त्याचे दोन मुलगे आणि चार्ल्स्टन येथील पाद्री व निसर्गअभ्यासक जॉन बॅकमन यांनी मिळून सिद्ध केलेल्या उत्तर अमेरिकेतील चतुष्पादांच्या संग्रहाचे स्थान सर्वांत वरचे आहे. बीव्हर, बायसन, जॅग्वार, ग्रिझली अस्वल, खारी, ससे आणि उंदीर अशा प्राण्यांची ही चित्रे आजही अमेरिकेतील लिलावांत, जुन्या पुस्तकांच्या दुकानांत आणि घरातील सामान विकायला काढणाऱ्या कुटुंबांकडे आढळतात. तेथे राहणारे मराठी लोक ती विकत घेतात, आणि भारतात बसून संगणकावरून मागवणारेही थोडे आहेत. मात्र ज्या चित्रांना मागणी असते त्यांच्या नकलाही भरपूर निघतात, आणि या चित्रांच्या नकला तर गेली अनेक दशके उघडपणे, रीतसर छापल्या जात आहेत. नकल विकणे हा गुन्हा नाही. ती अस्सल म्हणून विकली गेली तर मात्र घेणाऱ्याचे मोठे नुकसान होते.

हा लेख पारखण्याच्या क्रमाविषयी आहे, कारण चूक बहुधा क्रमातच होते. घेणाऱ्याची नजर प्रथम रंगावर जाते, रंग ताजे दिसले की तो खूश होतो आणि उरलेली तपासणी वरवर उरकतो. वास्तविक रंग हा या चित्राचा सर्वांत शेवटी पाहण्याचा भाग आहे. आकार, अक्षरे, काळी रेषा आणि कागद या चार गोष्टींनी चित्राची ओळख पटल्यावरच रंगाकडे वळावे; कारण रंग कोणत्याही काळात, कोणाच्याही हातून, कोणत्याही कागदावर चढवता येतो.

पहिली पायरी: आपण काय शोधत आहोत ते नेमके जाणून घ्या

ऑड्यूबनचे नाव पक्ष्यांशी जोडलेले आहे. १८२७ ते १८३८ या काळात लंडनमध्ये रॉबर्ट हॅवेलने त्याची पक्ष्यांची ४३५ चित्रे तांब्याच्या पत्र्यांवरून छापली. प्राण्यांचे काम त्यानंतरचे आहे आणि त्याची छपाई संपूर्णपणे अमेरिकेत झाली. हा फरक केवळ इतिहासाचा नाही, तर छपाईच्या तंत्राचा आहे, आणि पुढे भिंगातून पाहताना त्याचाच उपयोग होणार आहे.

या ग्रंथाच्या दोन मुख्य आवृत्त्या आहेत. पहिली मोठ्या आकाराची, जिला बाजारात ‘इम्पीरियल फोलिओ’ म्हणतात. तिच्यात १५० चित्रे असून ती १८४५ ते १८४८ या काळात तीन खंडांत पूर्ण झाली. फिलाडेल्फियातील जे. टी. बोवेन याच्या कारखान्यात ती दगडावरून छापली व हाताने रंगवली गेली. वर्गणीदारांना ती पाच-पाच चित्रांच्या ३० भागांत मिळत असत; एका भागाची किंमत १० डॉलर, म्हणजे संपूर्ण संचाचे ३०० डॉलर. वर्गणीदार सुमारे ३०० होते. एवढ्या संचांचा हिशेब केला तर बोवेनच्या कारखान्यातून जवळपास ४५ हजार मोठी पाने एकेक करून हाताने रंगवून बाहेर पडली असली पाहिजेत. बॅकमनने लिहिलेला मजकूर मात्र या मोठ्या पानांसोबत नव्हता, तो स्वतंत्र लहान खंडांत निघाला.

दुसरी आवृत्ती लहान आकाराची, म्हणजे ‘ऑक्टाव्हो’. ती १८४९ ते १८५४ या काळात निघाली, तिच्यात १५५ चित्रे आहेत आणि मजकूर व चित्रे एकाच खंडात बांधलेली आहेत. ही आवृत्ती पुढेही पुन्हा पुन्हा निघाली. त्यामुळे लहान पाने आज तुलनेने सहज आणि कमी किमतीत मिळतात, आणि नवख्याने सुरुवात त्यांच्यापासूनच करावी असे माझे स्पष्ट मत आहे. भिंतीवर मोठे पान अधिक शोभते हे खरे, पण शिकण्यासाठी लागणारी प्रत्येक खूण लहान पानावरही असते.

चित्रे कोणाची, हाही प्रश्न येथे सरळ नाही. १८४३ साली, वयाच्या ५८व्या वर्षी, ऑड्यूबन ‘ओमेगा’ नावाच्या आगबोटीने मिसूरी नदीवरून फोर्ट युनियन या व्यापारी ठाण्यापर्यंत गेला आणि बायसनचे कळप, लांडगे, हरणे यांची निरीक्षणे घेऊन आला. परंतु पुढच्या काही वर्षांत त्याची दृष्टी आणि नंतर स्मृतीही गेली. १८५१च्या जानेवारीत तो वारला. चित्रांपैकी जवळजवळ निम्मी त्याचा धाकटा मुलगा जॉन वुडहाउस ऑड्यूबन याने काढली आहेत. प्राण्यांच्या नमुन्यांसाठी तो टेक्ससमध्ये फिरला आणि नंतर लंडनमधील संग्रहांतले नमुने पाहून त्याने चित्रे केली. थोरला मुलगा व्हिक्टर गिफर्ड याने अनेक चित्रांची पार्श्वभूमी रंगवली आणि प्रकाशनाचा व्यवहार सांभाळला. विक्रेता ‘ऑड्यूबनचे चित्र’ म्हणतो तेव्हा तो बापाविषयी बोलतो की मुलाविषयी, हे पानावरच छापलेले असते. ते कसे वाचायचे ते तिसऱ्या पायरीत पाहू. जाता जाता एक गोष्ट नोंदवली पाहिजे: ऑड्यूबनने गुलाम बाळगले आणि विकले होते, आणि बॅकमन गुलामगिरीचा समर्थक होता. आजच्या अमेरिकेत या चित्रांविषयी बोलताना हा विषय निघतोच, आणि तो टाळण्यात अर्थ नाही.

दुसरी पायरी: मोजपट्टी लावा

फोलिओचे न कापलेले पान साधारण ५६ बाय ७१ सेंटिमीटर, म्हणजे २२ बाय २८ इंच असते. ऑक्टाव्होचे पान साधारण १८ बाय २७ सेंटिमीटर भरते. पुस्तक बांधणाऱ्याने कडा कापल्यामुळे यात एक-दोन सेंटिमीटरचा फरक पडू शकतो, त्याने बिचकू नये. पण फोलिओ म्हणून सांगितलेले पान ४० सेंटिमीटरच्या आसपास असेल, तर एकतर समास निर्दयपणे कापले आहेत किंवा ते विसाव्या शतकातील एखाद्या मोठ्या चित्रपुस्तकातून फाडलेले पान आहे. मधल्या मापांची बहुतेक पाने दुसऱ्या प्रकारची निघतात.

मोजमाप चौकटीबाहेर काढूनच करावे. चौकटीतल्या माउंटच्या (चित्राभोवतीच्या जाड पुठ्ठ्याच्या) खिडकीतून दिसणारा भाग मोजून काहीही सिद्ध होत नाही. विक्रेता चौकट उघडू देत नसेल, तर तेथून उठावे.

तिसरी पायरी: पानावरची अक्षरे वाचा

या चित्रांच्या समासात छापलेला मजकूर ठरावीक जागी असतो. वरच्या डाव्या कोपऱ्यात भागाचा क्रमांक, वरच्या उजव्या कोपऱ्यात चित्राचा क्रमांक रोमन अंकांत, खाली मध्यभागी प्राण्याचे लॅटिन नाव आणि त्याखाली इंग्रजी प्रचलित नाव. चित्राच्या लगत खाली डावीकडे, बारीक अक्षरांत, निसर्गावरून चित्र कोणी काढले ते असते. तेथे ‘जे. जे.’ असेल तर बाप, ‘जे. डब्ल्यू.’ असेल तर धाकटा मुलगा. दुसऱ्या बाजूला किंवा मध्ये छपाई व रंगकाम बोवेनचे असल्याची नोंद, आणि अनेक पानांवर वर्षही असते. काही पानांवर दगडावर चित्र उतरवणाऱ्या कारागिराचे नावही सापडते. विल्यम हिचकॉक आणि ट्रेम्ब्ली ही त्यांतली दोन. काही लहान पानांवर बोवेनऐवजी न्यूयॉर्कच्या नेगल आणि वाइनगार्टनर यांचे नाव असते, त्यामुळे तेवढ्यावरून पान नकली ठरवू नये.

येथे एक सोपी पण फार उपयोगी पडताळणी करता येते. प्रत्येक भागात पाच चित्रे असल्यामुळे भागाचा क्रमांक आणि चित्राचा क्रमांक यांचा मेळ बसलाच पाहिजे. पहिले चित्र, म्हणजे बॉबकॅट हे रानमांजर, पहिल्या भागात. बीव्हर ४६वे चित्र, म्हणून दहावा भाग. बायसनचा नर ५६वे चित्र, म्हणून बारावा भाग. जॅग्वार १०१वे, म्हणून एकविसावा. ग्रिझली अस्वल १३१वे, म्हणून सत्ताविसावा. लक्षात घेतले तर असेही दिसेल की हे सर्व क्रमांक प्रत्येक भागातले पहिले आहेत. वर्गणीदार टिकून राहावा म्हणून भागाच्या आरंभी शक्यतो एक मोठा, रुबाबदार प्राणी द्यायचा आणि मागून खारी, उंदीर, चिचुंद्र्या पाठवायच्या, असा व्यापारी हिशेब यामागे असावा.

क्रमांक जुळले म्हणजे चित्र अस्सल ठरले असे मात्र नाही, कारण छायाचित्रावरून केलेल्या नकलेत अक्षरेही जशीच्या तशी येतात. अक्षरे मुख्यतः दोन गोष्टी उघड करतात: क्रमांक किंवा बोवेनची नोंद पुसलेली, कापलेली असणे, आणि समासात कुठेतरी विसाव्या शतकातील प्रकाशकाची बारीक ओळ असणे. म्हणून समासाच्या चारही कडा, विशेषतः खालची, भिंगाखाली पाहाव्यात. नंतर हेच चित्र मोठ्या ग्रंथालयाच्या प्रतीशी ताडून पाहावे. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने मोठ्या आवृत्तीची चित्रे संगणकावर खुली ठेवली आहेत, आणि लहान आवृत्तीचे खंड बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीच्या संग्रहात विनामूल्य चाळता येतात. अक्षरांचे वळण, ओळींमधील अंतर, चित्राच्या कडेपासून नावापर्यंतची जागा हे सर्व तुलनेत पाहावे.

चौथी पायरी: भिंगातून काळी रेषा पाहा

संपूर्ण तपासणीत ही पायरी सर्वांत निर्णायक आहे, आणि तिला दहापट मोठे दाखवणारे सोनाराचे भिंग पुरते.

आधी तंत्र समजून घेतले पाहिजे. शिळाछाप ही पद्धत अलोइस झेनेफेल्डर याने अठराव्या शतकाच्या अखेरीस म्युनिकमध्ये शोधली. बारीक कणांच्या चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र काढतात, मग अरबी डिंक व सौम्य आम्ल यांचा थर देऊन दगड तयार करतात. दगड ओला केला की रिकामी जागा पाणी धरते, तेलकट चित्र पाणी झिडकारते, आणि वरून फिरवलेली तेलकट शाई फक्त चित्रावरच बसते. खोदकाम कुठेच नसते, उंचसखलपणाही नसतो. महाराष्ट्राला ही पद्धत परकी नाही. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली पंचांग छापले ते शिळाप्रेसवरच.

या तंत्रामुळे भिंगातून दोन खुणा दिसतात. पहिली म्हणजे खडूचा दाणा. दगडाचा पृष्ठभाग मुद्दाम खरबरीत केलेला असल्यामुळे खडू उंचवट्यांवरच लागतो, म्हणून छायेच्या जागी लहानमोठे, वेडेवाकडे, कसल्याही रांगेत न बसणारे काळे कण दिसतात. जेथे छाया गडद तेथे कण एकमेकांत मिसळतात, जेथे फिकट तेथे विरळ होतात. प्राण्याच्या अंगावरचे केस मात्र टोकदार खडूने किंवा लेखणीने ओढलेल्या स्वतंत्र रेषा असतात, आणि काही ठिकाणी दगड खरवडून केसांमधली पांढरी रेघ काढलेली दिसते. बीव्हरच्या किंवा रानमांजराच्या मानेजवळचा भाग यासाठी अवश्य पाहावा. दुसरी खूण म्हणजे चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दबलेला चौकोन नसणे. तो चौकोन तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या चित्राला असतो, उदाहरणार्थ हॅवेलने छापलेल्या पक्ष्यांना. चतुष्पादाच्या मोठ्या पानाला तो असेल, तर काहीतरी गडबड आहे. नकलेला जुनेपणा देण्यासाठी असा ठसा मुद्दाम उठवल्याचीही शक्यता असते.

आता नकलांच्या खुणा. ऑफसेट छपाईत काळ्यासह चार रंगांचे ठिपके ठरावीक कोनांत, ठरावीक अंतरावर, फुलासारख्या नक्षीत मांडलेले दिसतात. एकदा ते दिसले की पुढची तपासणी थांबवावी. संगणकावरून काढलेल्या इंकजेट नकलेत नक्षी नसते, पण अतिसूक्ष्म रंगीत फवारा सर्वत्र दिसतो, अगदी जी रेषा निखळ काळी असायला हवी तिच्यातही निळे, तांबडे, पिवळे कण आढळतात. कोलोटाइप, म्हणजे छायाचित्रावरून जिलेटिनच्या थराने छापणे, ही सर्वांत फसवी पद्धत, कारण तिच्यात रांगेतले ठिपके नसतात. तिच्यात सुरकुतलेल्या चिखलासारखी बारीक वळवळती जाळी दिसते, आणि ती खडूच्या दाण्यापासून वेगळी ओळखायला डोळा सरावलेला असावा लागतो.

हा सराव घरच्या घरी करता येतो. ऑफसेटचे ठिपके पाहण्यासाठी भिंतीवरची कोणतीही दिनदर्शिका चालेल. रंगीत शिळाछाप म्हणजे काय ते समजून घ्यायचे असेल, तर राजा रविवर्मा यांच्या छापखान्यातले जुने चित्र पाहावे. १८९४ साली मुंबईत सुरू झालेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेला हा छापखाना प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरत असे. अशा जुन्या प्रतीत देवीच्या गालावरची छटाही रंगीत कणांनी बनलेली असते, आणि कुठेकुठे एक रंग दुसऱ्यापासून केसभर सरकलेला दिसतो. अर्थात त्याच चित्रांच्या नव्या ऑफसेट प्रती बाजारात भरपूर आहेत, म्हणून आधी जुनी प्रत मिळवावी. बोवेनच्या पानावर याच्या उलट आढळते: दाणा फक्त काळ्या छपाईत, आणि रंग सलग, कणरहित.

पाचवी पायरी: कागद उजेडात धरा

पान दोन्ही हातांनी, समासाला धरून, खिडकीकडे किंवा पांढऱ्या दिव्याकडे करावे. बोवेनचा कागद सलग पोताचा आहे. त्यात जुन्या हातकागदांत दिसणाऱ्या समांतर जाळीरेषा नसतात. उजेडात पातळ झालेल्या जागा, मागून चिकटवलेल्या पट्ट्या, भरून काढलेली भोके आणि बुजवलेल्या फाटी लगेच दिसतात. त्यानंतर पान टेबलावर ठेवून दिवा बाजूने, अगदी खालच्या कोनात लावावा. घड्या, सुरकुत्या, खरवडून पुसलेल्या जागा आणि मागे पुठ्ठा चिकटवला असल्यास त्याचा ताण या आडव्या उजेडात कळतो.

एका कडेला शिवणीची भोके किंवा बांधणीतून सुटल्याची खडबडीत कड असेल तर ती दोष समजू नये. हे पान ग्रंथातून निघाले आहे याचा तो चांगला पुरावा आहे. ऑक्टाव्होच्या पानावर समोरच्या मजकुराची फिकट तपकिरी सावली उमटलेली असते, तीही अशीच उपयोगी खूण. फोलिओसोबत मजकूर नव्हता, म्हणून मोठ्या पानावर तशी सावली असण्याचे कारण नाही.

अतिनील किरणांची छोटी विजेरी मिळाली तर अंधाऱ्या खोलीत पानावर क्षणभर धरावी, डोळ्यांवर मात्र नको. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात कागद शुभ्र दिसावा म्हणून त्यात घातली जाणारी द्रव्ये या किरणांत निळसर पांढरी चमकतात. १८४०च्या दशकातला कागद तसा चमकत नाही, तो मंद आणि पिवळट राहतो. ही कसोटी एकतर्फी आहे हे विसरू नये: कागद चमकला तर चित्र नवे, न चमकला तर ते जुने असेलच असे नाही.

सहावी पायरी: आता रंग पाहा

बोवेनच्या कारखान्यात रंगकाम करणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे एक मान्य केलेले रंगीत पान नमुना म्हणून समोर असे आणि प्रत्येकीकडे ठरावीक रंग किंवा ठरावीक भाग सोपवलेला असे, म्हणून एकाच पानावर अनेक हात फिरलेले असत. एकाच चित्राच्या दोन अस्सल प्रतींत गवताची हिरवी छटा किंवा आकाशाचा निळा वेगळा दिसतो तो यामुळे. म्हणून ग्रंथालयाच्या प्रतीशी छटा जुळत नाही एवढ्यावरून पान नाकारणे योग्य नाही.

रंग पारदर्शक जलरंगाचे असतात आणि काळ्या छपाईच्या वर बसलेले असतात. रेषा त्यांच्यातून स्पष्ट दिसते. भिंगातून पाहिल्यास कुंचल्याच्या फटकाऱ्यांच्या कडांना रंग किंचित साचून गडद झालेला दिसतो, दोन फटकारे एकमेकांवर चढले तेथे दुहेरी छटा येते, आणि कुठेतरी रंग रेषेबाहेर निसटलेला असतोच. डोळ्याच्या बाहुलीवर, ओल्या नाकावर आणि केसांच्या गडद भागांवर अरबी डिंकाचा हात दिलेला असतो. पान किंचित तिरपे केले की तो भाग चकाकतो. या चकाकीला बारीक भेगाही गेलेल्या असू शकतात. नकलांमध्ये असा थर क्वचितच असतो, म्हणून ही खूण मला फार भरवशाची वाटते.

अडचणीचा प्रकार वेगळाच आहे: पान अस्सल, काळी छपाई अस्सल, पण रंग नंतर भरलेला. फिक्या पडलेल्या पानाला विकण्यापूर्वी उजळवण्याचा धंदा जुना आहे. त्याच्या खुणा शोधाव्यात. कागदावरच्या तांबूस डागाच्या किंवा बुजवलेल्या फाटीच्या वरून रंग गेलेला असेल, तर तो रंग डागानंतरचा आहे. पानाच्या मागच्या बाजूला रंग झिरपलेला दिसत असेल, तर कागदातली खळ (रंग आत झिरपू न देणारे चिकट द्रव्य) गेल्यावर रंगवले असण्याचा संभव मोठा. माउंटखाली झाकलेला रंगाचा भाग आणि उघडा भाग यांच्यात काहीच फरक नसेल, पण कागद मात्र उघड्या भागात पिवळा पडला असेल, तर तेथेही विचारपूस करावी. आणि ज्या ठिकाणी नमुन्याप्रमाणे पांढरे असायला हवे तेथे काळपट करडे डाग दिसले, तर घाबरू नये: शिसेयुक्त पांढरा रंग हवेतील गंधकामुळे काळवंडतो. तो दोष असला तरी जुनेपणाच्या बाजूचा आहे.

सातवी पायरी: दोषांची यादी करा आणि मगच किमतीवर बोला

तांबूस ठिपके, माउंटच्या आम्लामुळे पडलेली तपकिरी चौकट, उन्हाने पिवळलेला कागद, चिकटपट्टीचे डाग, कापलेले समास, मागे कायमचा चिकटवलेला पुठ्ठा: साधारण याच क्रमाने दोष गंभीर होत जातात. ठिपके समासात असतील तर ते सहन करण्यासारखे, प्राण्याच्या चेहऱ्यावर असतील तर नाही. कापलेले समास परत येत नाहीत, आणि समासासोबत बोवेनची नोंद गेली असेल तर पुढे विकताना प्रत्येक वेळी तेच स्पष्टीकरण द्यावे लागते. मागचा पुठ्ठा तज्ज्ञाला कधीकधी सोडवता येतो, पण त्याचा खर्च लहान पानाच्या किमतीपेक्षा जास्त होऊ शकतो.

किंमत मुख्यतः प्राण्यावर ठरते. बायसन, जॅग्वार, कूगर, लांडगे, अस्वले महाग. शेतातले उंदीर आणि चिचुंद्र्या स्वस्त. कलेच्या दृष्टीने हा भेद मला पटत नाही. लहान कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या कित्येक पानांवर केसांचे काम मोठ्या श्वापदांच्या पानांपेक्षा सरस आहे. विज्ञानाच्या दृष्टीने पाहिले तर ९३वे चित्र, काळ्या पायांच्या फेरेटचे (मुंगसासारख्या दिसणाऱ्या लहान मांसाहारी प्राण्याचे), सर्वांत मोलाचे म्हणता येईल: या प्राण्याचे पहिले शास्त्रीय वर्णन ऑड्यूबन आणि बॅकमन यांनीच १८५१ साली केले, आणि पुढची बरीच वर्षे दुसरा नमुना न सापडल्यामुळे असा प्राणी आहे की नाही याचीच शंका घेतली गेली. ज्याचे खिसे मर्यादित आहेत त्याने ऑक्टाव्होतले असे पान पाहावे.

घेताना लेखी पावती मागावी आणि तिच्यावर आवृत्ती, चित्राचा क्रमांक, अंदाजे वर्ष, ‘हाताने रंगवलेले मूळ शिळाछाप’ हे शब्द आणि सर्व दोष नमूद करून घ्यावेत. ‘ऑड्यूबन प्रिंट’ एवढेच लिहिलेली पावती निरुपयोगी आहे, कारण परवा छापलेली नकलही त्या वर्णनात बसते. दूरवरून घेताना चौकटीबाहेरच्या पूर्ण पानाचे, मागच्या बाजूचे आणि प्राण्याच्या डोळ्याचे भिंगातून घेतलेले, अशी निदान तीन छायाचित्रे मागवावीत.

आठवी पायरी: घरी आणल्यावर

जलरंग आणि अरबी डिंक दोन्ही पाण्यात विरघळतात. म्हणून ओल्या फडक्याने, खोडरबराने किंवा संगणकावर सुचवलेल्या कोणत्याही घरगुती उपायाने पान स्वच्छ करण्याचा विचारही करू नये. लॅमिनेशन आणि चिकटपट्टी यांचे नाव काढू नये.

चौकट करताना कारागिराला तीन गोष्टी निक्षून सांगाव्यात. माउंट आणि मागचा पुठ्ठा दोन्ही कापसाच्या, आम्लमुक्त कागदाचे असावेत. पान पुठ्ठ्याला चिकटवू नये; वरच्या कडेला जपानी कागदाच्या लहान पट्ट्या गव्हाच्या खळीने लावून ते टांगावे. आणि पान काचेला कुठेही टेकू नये, कारण दमट हवेत काचेला घाम आला की डिंकाचा भाग तिला चिकटतो. काच अतिनील किरण अडवणारी मिळाली तर उत्तम. तरीही खिडकीसमोर किंवा थेट दिव्याखाली चित्र लावू नये. संग्रहालये अशा जलरंगी कामांसाठी प्रकाश ५० लक्सच्या आसपास ठेवतात, म्हणजे वाचायला अपुरा वाटेल इतका मंद.

मुंबई, कोकण आणि गोव्यात खरा शत्रू पावसाळा आहे. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशी धरते, आणि त्या काळात बाहेरच्या भिंतीवर लावलेल्या चौकटीच्या मागे ओल साचते. चित्र आतल्या भिंतीवर लावावे, चौकटीच्या खालच्या कोपऱ्यांना मागून बुचाचे छोटे तुकडे लावून भिंतीपासून अंतर ठेवावे, आणि पावसाळा अगदीच कठीण असेल त्या घरात ते चार महिने आम्लमुक्त फोल्डरमध्ये, आडवे, सिलिका जेलसह कपाटात ठेवावे. कसर आणि झुरळे खळीवर येतात, म्हणून दर महिन्याला फोल्डर उघडून पाहावा. अमेरिकेच्या थंड राज्यांत उलट त्रास होतो: हिवाळ्यात घर तापवल्यामुळे हवा फार कोरडी होते आणि कागद ताणला जातो, तेथे रेडिएटरच्या किंवा शेगडीच्या वरची भिंत टाळावी.

बुरशी दिसली, रंगाचे पापुद्रे उठू लागले किंवा मागचा पुठ्ठा काढायचा असेल, तर काम कागदाच्या संवर्धन-तज्ज्ञाकडेच द्यावे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे स्वतःचे कलासंवर्धन केंद्र आहे; अशा ठिकाणच्या प्रशिक्षित व्यक्तीचा सल्ला चौकट करणाऱ्या दुकानदाराच्या सल्ल्यापेक्षा नेहमी वरचा मानावा.

प्रत्येक पानासाठी एक स्वतंत्र नोंदपत्र ठेवावे: माप, क्रमांक, समासातील अक्षरांची तंतोतंत नक्कल, दोष, खरेदीची तारीख व किंमत, आधीच्या मालकाविषयी जे कळले असेल ते, आणि दोन्ही बाजूंची छायाचित्रे. दर दोन-तीन वर्षांनी त्याच प्रकाशात पुन्हा छायाचित्र काढून जुन्याशेजारी ठेवावे. रंग उडत असेल तर तो रोज पाहणाऱ्या डोळ्याला कळत नाही, पण दोन छायाचित्रांत लगेच कळतो. पानाच्या मागे काहीही लिहू नये, पेन्सिलनेसुद्धा नाही. आधीच्या कोणी काही लिहून ठेवले असेल, विक्रेत्याचा क्रमांक असो वा एखादे नाव, तर ते पुसू नये आणि तेही नोंदपत्रात उतरवून ठेवावे.